घरी बांधलेल्या विमानाच्या रोटरी इंजिनासाठी इंजेक्टर कसे निवडावेत

पहिल्यांदा इंजेक्टर, म्हणजे इंजिनात मोजून पेट्रोल फवारणाऱ्या विजेवरच्या तोट्या, हातात आले तेव्हा माझे मामा शेडमध्ये शेजारीच उभे होते. यावल-रावेर पट्ट्यातल्या केळीच्या बागांना ठिबक बसवण्यात त्यांची उभी हयात गेली आहे. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "हा तासाला किती सोडतो? आणि किती दाबाला?" मला उत्तर देता आलं नाही. विकणाऱ्याने डब्यावर लिहिलेला आकडा मी वाचून दाखवला. मामा म्हणाले, "मोजी ले, मंग बोल."

मोजायला वर्ष गेलं. तोवर मी चुकीचे इंजेक्टर विकत घेतले होते, बदलले होते, आणि एकदा मे महिन्याच्या दुपारी इंजिन पुन्हा सुरूच होईना म्हणून डोकं धरून बसलो होतो. आमचं इंजिन आता स्टँडवर पंख्यासकट (प्रोपेलरसकट) व्यवस्थित चालतं, विमानाचं काम शेडमध्ये सुरू आहे. म्हणजे मी जे लिहितोय ते जमिनीवरच्या तासांतून आलेलं आहे, आणि तेवढ्याच अधिकाराने लिहितोय. खान्देशात हा नाद असलेले लोक थोडे आहेत, पण आहेत. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत इमारतीच्या गच्चीवर बांधलेलं विमान २०२० साली आपल्या धुळ्याच्या धावपट्टीवरून उडालं, तेव्हापासून ते वाढलेही असतील. त्यांच्यासाठी हा लेख.

एक खुलासा आधीच करतो. पहिल्या महायुद्धातल्या विमानांत सगळे सिलिंडर गरगर फिरायचे, त्यालाही रोटरी म्हणत. इथे विषय तो नाही. इथे रोटरी म्हणजे फेलिक्स वांकेल यांचं इंजिन, ज्याचा पहिला नमुना १९५७ साली जर्मनीत एनएसयू कंपनीत चालला आणि पुढे माझदाने १९६७ पासून गाड्यांत घातला. घरच्या विमानांत बहुतेक वेळा दिसतं ते माझदाचं दोन रोटरचं (रोटर म्हणजे आत फिरणारा तीन बाजूंचा तुकडा) १३बी: ६५४ सीसीचे दोन कप्पे, एकूण १३०८ सीसी. वजनाला हलकं, व्हॉल्व्ह नाहीत, पिस्टन नाहीत. पंख्याला इतके फेरे झेपत नाहीत म्हणून मध्ये रिडक्शन गिअर लागतो.

आता मुद्दा. नवखा माणूस इंजेक्टर निवडतो तो पूर्ण ताकदीच्या हिशेबाने. गाडीसाठी ते बरोबर आहे. विमानासाठी इंजेक्टर निवडायचा तो निम्मे इंजेक्टर बंद पडलेत त्या मिनिटासाठी. आणि मग तोच इंजेक्टर आयडलला, म्हणजे इंजिन सगळ्यात कमी फेऱ्यांवर नुसतं सुरू असताना, सांभाळता येतो का, ते तपासायचं. या दोन टोकांच्या मध्ये जो आकडा बसेल तो तुमचा.

हाताशी काय काय हवं

मल्टिमीटर, तोही ओहम नीट दाखवणारा. १०० आणि ५०० मिलिलिटरचे काचेचे मोजपात्र. ५ बारपर्यंतचा प्रेशर गेज. १२ व्होल्टची बॅटरी आणि व्होल्टेज कमी-जास्त करता येईल असा पॉवर सप्लाय. पल्स (इंजेक्टर क्षणभर उघडणारा विजेचा झटका) देणारं छोटं सर्किट, हे इलेक्ट्रॉनिक्सवाला ओळखीचा असेल तर दोन दिवसांत बनवून देतो. व्हिटॉनच्या ओ-रिंगा. अग्निशामक सिलिंडर. आणि एक जाड वही, कारण सुट्या कागदांवर लिहिलेले आकडे हरवतात.

पायरी १ : आधी इंजिनाचं घड्याळ समजून घ्या

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

चार-स्ट्रोक पिस्टन इंजिनात एका सिलिंडरला दोन फेऱ्यांतून एकदा पेट्रोल लागतं. ६००० आरपीएमला (मिनिटाला ६००० फेरे) एक फेरा १० मिलिसेकंदांचा, म्हणजे इंजेक्टरला २० मिलिसेकंद मिळतात. रोटरीत रोटर एकदा फिरतो तेव्हा एक्सेंट्रिक शाफ्ट (ताकद बाहेर नेणारा मुख्य दांडा) तीनदा फिरतो, आणि रोटरला बाजू तीन. हिशेब असा जुळतो की शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक रोटर एकदा हवा ओढतो आणि त्याला एकदा पेट्रोल लागतं. म्हणजे ६००० आरपीएमला तुमच्या हातात फक्त १० मिलिसेकंद आहेत. ७५०० ला तर ८ च.

त्यातही इंजेक्टर हुकूम मिळाल्या क्षणी उघडत नाही. कॉइलमध्ये करंट चढायला, सुई उचलली जायला वेळ लागतो. यालाच डेड टाइम म्हणतात. १४ व्होल्टला तो साधारण ०.९ मिलिसेकंद धरा. पिस्टन इंजिनात २० मधून ०.९ गेले तर कुणाला कळतही नाही. इथे १० मधून जातात. शिवाय इंजेक्टर सतत उघडा ठेवायचा नसतो, ८५ टक्क्यांच्या पुढे गेलात की तो नीट बंदच होत नाही आणि मोजमाप कोलमडतं. म्हणजे ८.५ वजा ०.९, हातात उरले ७.६. पूर्ण उघड्या इंजेक्टरचा जो आकडा डब्यावर असतो त्याचे ७६ टक्केच तुमचे.

पिस्टन इंजिनांसाठी बनवलेली तयार गणितं इथे जशीच्या तशी वापरू नका. आमच्यातल्या एकाने ती वापरली आणि त्याचा आकडा बरोब्बर निम्मा आला.

पायरी २ : पूर्ण ताकदीला पेट्रोल किती, ते काढा

रोटरी पेट्रोल जरा जास्तच पिते. पूर्ण ताकदीला, थोडं रिच मिश्रण (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) ठेवून, प्रति किलोवॅट-तास ३३५ ग्रॅम धरलं तर सुरक्षित हिशेब होतो.

समजा तुमचं इंजिन ६००० आरपीएमला १६० अश्वशक्ती देतं. ते झाले सुमारे ११९ किलोवॅट. ११९ गुणिले ३३५ म्हणजे तासाला ४० किलो पेट्रोल. घनता ०.७४ धरली तर ५४ लिटर. मिनिटाला ९०० सीसी.

हा आकडा शुद्ध पेट्रोलचा. आपल्याकडे पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलच्या अंगात मुळातच ऑक्सिजन असतो, म्हणून तेवढ्याच हवेला पेट्रोल सुमारे ८ टक्के जास्त लागतं. ९०० चे झाले ९७०. म्हणजे दर अश्वशक्तीला मिनिटाला ६ सीसी, नेमकं ६.०६. हा ठोकताळा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, पुढे सारखा लागतो.

खान्देशातल्यांसाठी आणखी एक गोष्ट. आपण मे महिन्यातल्या ४५ अंशांच्याच गोष्टी सांगतो, पण इंजेक्टरची खरी परीक्षा पौषातल्या पहाटे असते. जळगाव-धुळ्याच्या उंचीवर १० अंशांची हवा ४५ अंशांच्या हवेपेक्षा १२ टक्के जड असते. हवा जास्त, म्हणून ताकद जास्त, म्हणून पेट्रोलही जास्त. उन्हाळ्यात स्टँडवर चाचणी घेऊन "पुरतंय की" म्हणणारा माणूस थंडीत लीन मिश्रणावर (पेट्रोल कमी पडलेल्या) उड्डाण घेईल. उन्हाळ्यात मोजलेल्या आकड्यावर ते १२ टक्के चढवूनच पुढे जा.

पायरी ३ : आता निम्मे इंजेक्टर बंद करा

१३बी ला साधारणपणे चार इंजेक्टर असतात. दोन प्रायमरी, जे मधल्या लोखंडी हाउसिंगमध्ये (कवचात) पोर्टजवळ, म्हणजे हवा आत येण्याच्या तोंडाजवळ बसतात. दोन सेकंडरी, वर मॅनिफोल्डमध्ये (हवा आणणाऱ्या नळ्यांत). प्रत्येक रोटरला एक प्रायमरी, एक सेकंडरी. माझदाच्या आरएक्स-८ गाडीतल्या जास्त ताकदीच्या रेनेसिस इंजिनात सहा आहेत, पण विचार तोच.

नेहमीचं गणित सांगतं: ९७० भागिले चार, भागिले ०.८, म्हणजे ३०० सीसीचे इंजेक्टर पुरे. गाडीत खरंच पुरतील.

आता समजा एका रोटरचा प्रायमरी कचरा अडकून बंद पडला. त्या रोटरला पेट्रोल निम्मं मिळायला लागलं, मिश्रण इतकं पातळ झालं की तो रोटर पेटणंच सोडतो. इंजिन थडथडतं, अर्धी ताकद जाते. दुसरा रोटर ठणठणीत आहे, पण तुम्ही मिश्रण वाढवायला गेलात तर तो रिच होऊन गुदमरतो. एका नॉबने दोन्ही सावरत नाहीत.

उपाय असा: दोन्ही प्रायमरी जोडीने बंद करण्याचा स्विच पॅनलवर ठेवायचा. तो दाबला की कंट्रोलर (इंजेक्टर कधी आणि किती वेळ उघडायचा हे ठरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) सेकंडरी जोडीचा वेळ वाढवतो, आणि दोन्ही रोटरना पुन्हा सारखं पेट्रोल मिळतं. तसाच दुसरा स्विच सेकंडरी जोडीसाठी. घरच्या विमानांसाठी बनवलेल्या कंट्रोलरमध्ये ही सोय असते. गाडीच्या मूळ कंट्रोलरमध्ये ती नसते, आणि केवळ या कारणासाठी मी तो वापरू नये असं म्हणेन.

मग प्रश्न उरतो: उरलेली जोडी तुम्हाला घरी आणेल का?

आधी ठरवा, तुमच्या विमानाला दोन माणसं, भरलेली टाकी आणि मे महिन्याची दुपार असताना उंची न गमावता उडत राहायला किती ताकद लागते. आमच्या आराखड्यात थोड्या चढाईसकट ९५ अश्वशक्ती येते. ९५ गुणिले ६.०६, म्हणजे मिनिटाला ५७६ सीसी. दोघांत वाटले तर प्रत्येकी २८८. आणि वापरता येतात ७६ टक्केच, म्हणून २८८ भागिले ०.७६. उत्तर ३७९.

म्हणजे ३८० च्या खाली जायचं नाही. ३०० सीसीचे घेतले असते तर एका जोडीवर ७५ अश्वशक्तीच मिळाली असती. ४६० सीसीचे घेतले तर ११५ मिळते. टर्बो नसलेल्या दुसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ मधले मूळ इंजेक्टर ४६० चेच होते, आणि आमचा शेवट तिथेच झाला. ताकद कमी झाली की पंख्याचे फेरेही उतरतात, फेरा लांबतो, म्हणजे प्रत्यक्षात थोडी जास्तीची सवड मिळते. ती हिशेबात धरू नका, गाठीला ठेवा.

पायरी ४ : मोठा घेतला तर आयडलला काय होतं

मग सरळ सगळ्यात मोठाच का घेऊ नये? मीही तेच केलं होतं. ८५० सीसीचे चार घेतले, हिशेब न करता, "मोठा म्हणजे सुरक्षित" असं मानून. इंजिन आयडलला काळा धूर टाकायचं, दर दोन मिनिटांनी बंद पडायचं, आणि प्लग काजळीने माखायचे. ते पैसे आणि तीन महिने गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हिशेब देतो.

समजा १६०० आरपीएमला पंख्यासकट इंजिन तासाला ४ लिटर घेतं. मिनिटाला ६७ सीसी.

फक्त दोन प्रायमरी चालू, ४६० सीसीचे: एका पल्सला ०.०२१ सीसी लागतं, आणि त्यासाठी इंजेक्टर २.७ मिलिसेकंद उघडा राहतो. ०.१ मिलिसेकंदाची चूक झाली तर पेट्रोलमध्ये फरक पडतो ४ टक्क्यांहून कमी. इंजिनाला जाणवतही नाही.

चारही चालू, ८५० सीसीचे: इंजेक्टर फक्त ०.७ मिलिसेकंद उघडा. तेवढ्याच चुकीने फरक पडतो जवळजवळ १४ टक्के. शिवाय एवढ्या छोट्या पल्सला सुई पूर्ण उचलली जात नाही, आणि चार इंजेक्टर चार तऱ्हेने वागतात.

म्हणून दोन नियम. आयडलला डेड टाइम सोडून किमान २ मिलिसेकंद उघडा राहील असाच इंजेक्टर घ्या. आणि आयडलला प्रायमरी एकटे चालवा, सेकंडरी ताकद वाढवताना आत घ्या. याला स्टेजिंग म्हणतात.

स्टेजिंगचा सापळा वेगळाच आहे. सेकंडरी आत येतात त्या क्षणी मॅनिफोल्डच्या भिंती कोरड्या असतात, पेट्रोल आधी त्या ओल्या करण्यात जातं, आणि इंजिन क्षणभर अडखळतं. हा बिंदू नेमका लँडिंगच्या वेळच्या थ्रॉटलवर आला तर धावपट्टीजवळ हात थोडा हलला की इंजिन अडखळणार. स्टँडवर तो बिंदू शोधा आणि अशा जागी सरकवा जिथे तुम्ही कधी रेंगाळत नाही, फक्त ओलांडून जाता.

पायरी ५ : ओहम, कनेक्टर, रिंगा

हे पटकन सांगतो. मल्टिमीटर लावा. १२ ते १६ ओहम आले तर हाय इम्पीडन्स, साधा ड्रायव्हर (इंजेक्टरला करंट देणारं सर्किट) चालतो, करंट १ अँपिअरच्या आसपास. २ ते ३ ओहम आले तर लो इम्पीडन्स. त्याला साध्या ड्रायव्हरवर लावलंत तर ५ अँपिअरच्या वर करंट ओढून ड्रायव्हर जाळेल. जुन्या गाड्यांत यासाठी रेझिस्टरचा वेगळा डबा असे. नवीन माणसाने हाय इम्पीडन्सच घ्यावेत, वायरिंगमधला एक भाग कमी होतो.

वरची ओ-रिंग १४ मिलिमीटरची की ११ ची, हे रेल (सगळ्या इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी सामाईक नळी) बनवायच्या आधी बघा. जपानी इंजेक्टरांत ११ ची पुष्कळदा असते. मधल्या हाउसिंगमधली जागा मूळ इंजेक्टरच्या मापाची आहे, तिथे दुसऱ्या लांबीचा बसवाल तर फवारा पोर्टच्या भिंतीवर आदळेल.

आणि नकली माल. बाहेरून हुबेहूब, नंबरही तोच, पण सहा घेतले तर सहांचे सहा आकडे. किमतीवरून ओळखता येत नाहीत. मोजूनच ओळखता येतात, म्हणून पुढची पायरी.

पायरी ६ : मोजपात्राखाली धरा

मामांकडून शिकलेली पद्धत. ठिबकमध्ये दोन-चार ठिकाणी ड्रिपरखाली भांडी ठेवतात, तेवढाच वेळ पाणी धरतात आणि भांडी शेजारी ठेवून बघतात. कुठे कमी आलं तर ड्रिपर चोंदला किंवा दाब पडला. इंजेक्टरचं यापेक्षा वेगळं काही नाही.

चारही इंजेक्टर एकाच रेलवर लावा. दाब ३ बार. ३० सेकंद पूर्ण उघडे ठेवा. ४६० च्या इंजेक्टरने २३० सीसी द्यायला हवेत. चौघांत फरक ३ टक्क्यांच्या आत हवा, म्हणजे ७ सीसीपेक्षा कमी. त्याहून जास्त असेल तर अल्ट्रासोनिक मशीनवर साफ करून पुन्हा मोजा. पेट्रोल गाड्यांचे इंजेक्टर साफ करणारी गॅरेजं जळगाव, धुळे दोन्हीकडे सापडतात. साफ करूनही फरक राहिला तर तो इंजेक्टर बाजूला काढा. त्याला कंट्रोलरमधून सांभाळून घेत बसू नका.

मग तेच पल्सवर करा: २ मिलिसेकंदांचे १००० पल्स, नंतर ४ चे १०००. दोन आकड्यांवरून रेघ ओढली की ती शून्य पेट्रोलला जिथे टेकते तो तुमचा डेड टाइम. ही चाचणी १४, १२ आणि १० व्होल्टला करा. हे कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका. हवेत अल्टरनेटर गेला तर व्होल्टेज १४ वरून १२ वर येतं, डेड टाइम वाढतो, आणि कंट्रोलरला ते माहीत नसेल तर मिश्रण आपोआप लीन होतं. एक बिघाड झालेला असताना दुसरा बिघाड तुम्ही घरूनच बांधून नेलेला असतो.

शेवटी गळती. दाब ३ बार ठेवा, इंजेक्टर बंद. मिनिटात एकापेक्षा जास्त थेंब पडला तर तो इंजेक्टर नको.

चाचणीसाठी पेट्रोल वापरू नका. मिनरल टर्पेंटाइन चालतं, पण त्याचीही वाफ ४० अंशांच्या आसपास, कधी त्याखालीच, पेट घेण्याइतकी होते. आपल्या उन्हाळ्यात दुपारी शेडमध्ये तेवढं तापमान असतंच. पहाटे करा, उघड्यावर करा, स्विच लांब ठेवा. टर्पेंटाइन पेट्रोलपेक्षा थोडं जड असल्याने आकडा २-३ टक्के कमी येतो, तेवढं ध्यानात धरा.

दाबाचा नियमही ड्रिपरचाच आहे: दाब दुप्पट केला तर प्रवाह दुप्पट होत नाही, १.४ पट होतो. ३ बारवरून ३.५ वर नेलंत तर ४६० चे ४९७ होतात, म्हणजे ८ टक्के वाढ. इथेनॉलची कसर भरून काढायला हा मार्ग मोहक वाटतो. पण दाब वाढला की पंपाचा प्रवाह घटतो आणि करंट वाढतो. आधी पंपाचा तक्ता बघा.

पायरी ७ : टाकीत काय ओतताय ते तपासा

१०० सीसीच्या मोजपात्रात २० सीसी पाणी घ्या, वर ८० सीसी पेट्रोल. बूच लावून हलवा, दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा थर २० वरून ३६ वर गेला तर ८० मधले १६, म्हणजे २० टक्के इथेनॉल. पंप बदलला, महाग पेट्रोल घेतलं, तरी ही चाचणी करा.

पावसाळ्यात आणखी एक धोका असतो. इथेनॉल हवेतली वाफ ओढून घेतं, आणि पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल-पाण्याचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो. पंप नेमका तळातूनच ओढतो. महिनाभर उभ्या असलेल्या टाकीतलं पेट्रोल काढून टाका.

विमानाचं एव्हगॅस १०० एलएल वापरणार असाल तर त्यात इथेनॉल नाही, पण शिसं आहे आणि ते रोटरीच्या प्लगांवर साचतं. इंडियन ऑइलने २०२२ पासून ते देशातच तयार करायला घेतलं. खरा सापळा अदलाबदलीत आहे. पंपाच्या पेट्रोलवर मिश्रण बसवलं आणि एखाद्या दिवशी एव्हगॅस भरलं तर ८ टक्के रिच. उलट केलं तर ८ टक्के लीन, आणि हे जास्त वाईट. एक इंधन ठरवा, टाकीच्या झाकणावर रंगाने लिहा.

रोटरच्या टोकांवरच्या एपेक्स सीलना तेल मिळावं म्हणून बरेच जण पेट्रोलमध्येच टू-स्ट्रोक तेल मिसळतात, १०० ते १३० भागांना एक भाग. मिसळलेलं तेल थंडीत तळाशी बसत नाही ना, हे काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवून बघा.

पायरी ८ : फिल्टर, पंप, परतीची नळी

पंपाच्या आधी १०० मायक्रॉनची जाळी, पंपानंतर १० मायक्रॉनचा फिल्टर. उलटं लावलंत तर पंपाला ओढता येत नाही आणि पेट्रोल नळीतच उकळतं. टाकी नवीन बांधली असेल तर पहिल्या दहा तासांत फिल्टर तीनदा तरी कापून बघा. आमच्यात ॲल्युमिनियमचा कीस आणि सीलंटचे तुकडे निघाले.

पंप दोन हवेत, प्रत्येकाला स्वतःचा फ्यूज, स्वतःची वायर, पुढे एकदिशा व्हॉल्व्ह. इंजेक्टरच्या प्रत्येक जोडीलाही वेगळा फ्यूज. एका फ्यूजवर चारही टांगले तर पायरी ३ मधला सगळा हिशेब पाण्यात जातो.

परतीची नळी ज्या टाकीतून पेट्रोल ओढताय त्याच टाकीत जायला हवी. डावीकडून ओढून उजवीकडे सोडत असाल, आणि उजवी टाकी भरलेली असेल, तर पेट्रोल व्हेंटमधून (टाकीच्या हवेच्या भोकातून) बाहेर वाहून जातं. पंप तासाला दीड-दोनशे लिटर फिरवतो, इंजिन त्यातलं पाव हिश्श्याच्या आसपास खातं. उरलेलं कुठे जातंय हे बोटाने नळी धरून शेवटपर्यंत बघा.

पायरी ९ : वही आणि परवानगी

स्टँडवर इंजिन चालवणं आणि हवेत जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उड्डाणासाठी डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची परवानगी लागते, आणि ती मागताना तुम्ही काय बांधलंय हे कागदावर दाखवावं लागतं. बांधायला सुरुवात करतानाच त्यांच्याशी पत्रव्यवहार सुरू करा, शेवटी नाही. इंजिनाच्या बाजूने तुमच्याकडे हे तयार असू द्या:

- प्रत्येक इंजेक्टरचा नंबर, खरेदीची पावती, ओहम
- ३ बारला मोजलेला प्रवाह, साफ करण्याआधी आणि नंतर
- तीन व्होल्टेजना मोजलेला डेड टाइम
- गळतीची चाचणी, तारखेसह
- पेट्रोल, दाब आणि फ्यूज यांचा आराखडा
- प्रायमरी बंद आणि सेकंडरी बंद करून स्टँडवर घेतलेले आरपीएम

शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. पायरी ३ मधला हिशेब कागदावर बरोबर असला तरी स्विच दाबून, पूर्ण थ्रॉटलवर, दहा मिनिटं एका जोडीवर इंजिन चालवून बघितल्याशिवाय तो खरा मानू नका. दोन्ही जोड्यांवर.

पायरी १० : मे महिन्याची दुपार

आमचं इंजिन सकाळी गुण्यागोविंदाने चालायचं. एका दुपारी, ४४ अंशांत, अर्धा तास चालवून बंद केलं, चहा घेतला, आणि वीस मिनिटांनी सुरू करायला गेलो. पंप नेहमीपेक्षा उंच आवाजात किंचाळला, गेज १ बारच्या वर चढेना. इंजेक्टर, कंट्रोलर, वायरिंग, सगळं दोन दिवस तपासलं. काही सापडलं नाही, आणि दुसऱ्या सकाळी इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं.

दोष पंपाच्या जागेत होता. तो टाकीच्या वर, एक्झॉस्टजवळच्या भिंतीवर बसवला होता. रेलमध्ये ३ बार दाबाखाली पेट्रोल सहसा उकळत नाही. उकळतं ते पंपाच्या मागे, जिथे पंप ओढत असतो आणि दाब हवेपेक्षाही कमी असतो. तापलेलं पेट्रोल तिथे वाफ होतं, आणि पंप वाफ ढकलू शकत नाही.

आम्ही पंप टाकीच्या तळापेक्षा खाली आणला, ओढणारी नळी जाड आणि आखूड केली, एक्झॉस्ट आणि नळी यांच्यामध्ये पत्र्याचा आडोसा दिला. इंजिन थांबल्यावर उष्णता वर चढते म्हणून रेलवरही आडोसा घातला. सुरू करण्याआधी पंप अर्धा मिनिट नुसता फिरवायचा, म्हणजे परतीच्या नळीतून वाफ टाकीत जाते आणि थंड पेट्रोल पुढे येतं.

ही चाचणी तुम्हीही घ्या, आणि मुद्दाम मे महिन्यातच घ्या. दुपारी दोन वाजता, इंजिन पूर्ण तापवून, बंद करून, पाच, वीस आणि चाळीस मिनिटांनी. प्रत्येक वेळी सुरू करा, प्रेशर लिहा, आणि लगेच प्रायमरी बंद करून सेकंडरीवर आयडल धरतंय का बघा. आमच्याकडे वीस मिनिटांची वेळ सगळ्यात अवघड निघाली. चाळीसपर्यंत रेल थोडी निवलेली असते. तीनही वेळा गेज ३ बारवर स्थिर राहिला, त्या दिवशी मामांना बोलावून आकडे वाचून दाखवले. त्यांनी वही हातात घेतली आणि विचारलं, फिल्टर शेवटचा कधी कापून बघितला.